पाच जण, बाराशे डॉलर, सान हुआन

१३ नोव्हेंबर २०२३, सोमवार

काल लक्ष्मीपूजन आटोपल्यावर बाबांनी फोनवर एक फोटो पुढे केला. समुद्रात घुसलेलं खडकाचं नाक, त्यावर तटबंदी, कोपऱ्यावर टोपी घातल्यासारखी गोल घुमटी. "हा विजयदुर्ग नाही, पण त्याच्याच जातीचा आहे. कुठला?" खाली नाव होतं: एल मोरो, सान हुआन, प्वेर्तो रिको. इथून किती लांब, म्हणाले. मी म्हटलं, विमानाने चारेक तास. एवढं बोललो आणि फसलो.

आई-बाबा दसऱ्याला इकडे न्यू जर्सीला आलेत, मार्चअखेर परत साताऱ्याला जातील. नायगारा आणि वॉशिंग्टन मागच्या खेपेलाच झालं. यंदा बाबांच्या डोक्यात किल्ला बसला तो बसला.

कॅरिबियनमध्ये जुनी शहरं बरीच आहेत. सांतो दोमिंगो तर सान हुआनपेक्षाही जुनं. पण माझं आणि बायकोचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का, कधीच संपलंय. एच-१बीची, म्हणजे इथे नोकरीसाठी राहायच्या परवान्याची, मुदत वाढली आहे, पासपोर्टवरचा शिक्का मात्र जुना. तसल्या परक्या देशात पाऊल टाकलं की परत यायला वकिलातीत मुलाखत, आणि तिची तारीख कधी मिळेल ते देव जाणे. क्यूबाला नुसतं फिरायला म्हणून इथून जाताच येत नाही. प्वेर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे इथल्या नुवार्क विमानतळाहून सान हुआन म्हणजे देशांतर्गत विमान. व्हिसा नाही, शिक्का नाही. आमच्यासारख्यांना उघडं असलेलं कॅरिबियनचं एक दार हे.

मर्यादा ठरवली: बाराशे डॉलर. त्यात पाच जणांची जाऊन-येऊन तिकिटं, सामानाचे पैसे, सीटचे पैसे, घर ते विमानतळ आणि परत. राहणं-खाणं वेगळं. मागच्या वर्षी फ्लोरिडाला 'स्वस्तात' गेलो आणि शेवटी कुठे किती गेले ते कळलंच नाही. म्हणून या नोंदी.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आधी तारखा, मग भाडं. तारीख चुकली तर पुढची सगळी हुशारी फुकट.

नाताळ ते ६ जानेवारी बाद. तिकडे सण २५ डिसेंबरला संपत नाही. तीन राजांचा दिवस ६ जानेवारीला असतो, आणि न्यू यॉर्क-न्यू जर्सीतले निम्मे प्वेर्तो रिकन तेव्हा गावी जात असावेत असं भाडं दिसतं. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांचं होतं तेच. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या शहरात सान सेबास्तियान रस्त्यावरचा उत्सव, रस्त्यावर मुंगीला जागा नाही. तोही बाद. १९ फेब्रुवारीला प्रेसिडेंट्स डे, शाळांना सुट्टी, त्याच्या आगेमागे भाव आभाळाला.

सगळ्यात स्वस्त सप्टेंबर. कारण उघड आहे: जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. मारिया आलं २० सप्टेंबर २०१७ ला, फियोना १८ सप्टेंबर २०२२ ला. आणि सप्टेंबरात आई-बाबा इथे नसतातच.

उरली फट: २२ जानेवारी ते १४ फेब्रुवारी. लेकीची शाळा चार दिवस बुडेल. तिसरीत आहे, बुडू दे. त्या काळात तिकडे पाऊसही कमी असतो. गूगलच्या विमानांच्या पानावर महिन्याचं कॅलेंडर उघडलं की प्रत्येक तारखेखाली भाडं दिसतं. मंगळवार, बुधवार, शनिवार हिरवे, शुक्रवार-रविवार महाग. मंगळवारी तिकीट *काढलं* की स्वस्त पडतं, असं ऑफिसात एकजण शपथेवर सांगतो. त्यात मला काही तथ्य दिसलं नाही. मंगळवारी *उडलं* की स्वस्त पडतं, हे मात्र समोर दिसतंय. ६ ते १० फेब्रुवारी, मंगळवार ते शनिवार, धरून चाललोय. भाव बदलला की ईमेल यावी म्हणून खूण करून ठेवली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज विमानतळ. आमच्या एडिसनहून नुवार्क अर्ध्या तासावर. न्यू यॉर्कच्या केनेडीहून माणशी वीसेक डॉलर कमी दिसतात, पण दोन पुलांचे टोल आणि बेल्ट पार्कवेची गर्दी धरली की ते वीस डॉलर स्टेटन आयलंड ओलांडायच्या आतच संपतात. बाद.

आग्वादिया: सान हुआनऐवजी बेटाच्या पश्चिम टोकाला उतरायचं. भाडं कमी, पण विमान रात्रीचं, उतरणार पहाटे साडेतीनला, पुढे सव्वाशे किलोमीटर भाड्याच्या गाडीने. आईला नुसतं वाचून दाखवलं, तर तिने भाजीतून मानही वर केली नाही.

फिलाडेल्फिया मात्र सहज टाकवेना. एका अगदी स्वस्त कंपनीचं भाडं जाऊन-येऊन माणशी ११६. पाच जणांचे ५८०. मला वाटलं, प्रकल्प संपला. मग बारीक अक्षर वाचायला बसलो.

फुकट फक्त सीटखाली मावणारी पिशवी: १८ बाय १४ बाय ८ इंच. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि घरातल्या सगळ्या पिशव्या जमिनीवर मांडल्या. लेकीचं दप्तर रिकामं असताना बसलं. कपडे भरल्यावर डब्याचा पुढचा कप्पा फुगून दहा इंच झालं. लेक त्यावर बसली, नऊ झालं. बाबांची खांद्यावरची बॅग, जी त्यांना एसटीतून निवृत्त होताना मिळाली आणि जिच्याशिवाय ते दूध आणायलाही जात नाहीत, ती वीस इंच लांब. गेटवर पकडलं तर एका पिशवीचे शंभराच्या घरात. म्हणजे एक मोठी बॅग चेक-इन करणं आलं: जाता-येता ११०. आईला कडेची सीट हवी, लेकीशेजारी कोणीतरी हवं, त्या दोन सीटचे जाता-येता ७२. फिलाडेल्फियापर्यंत एकशे दहा किलोमीटर, तिथलं पार्किंग, टोल, पेट्रोल मिळून ११०. बेरीज ८७२.

तरीही स्वस्तच. हे लिहून ठेवतो, कारण अशा हिशेबाच्या शेवटी 'स्वस्त तिकीट महागच पडलं' असं म्हणायची पद्धत आहे. महाग नाही पडलं.

पण विमान सकाळी सव्वासहाला, म्हणजे घरातून अडीचला निघायचं. आणि ही कंपनी त्या मार्गावर रोज उडत नाही, आठवड्यातून मोजके दिवस. एक उड्डाण रद्द झालं की पुढचं दोन दिवसांनी. मी एकटा असतो तर डोळे मिटून गेलो असतो. सत्तरीच्या दोन माणसांना घेऊन, त्यातल्या एकीचा गुडघा आणि एकाच्या बीपीच्या मोजलेल्या गोळ्या, नाही. दोन-अडीचशे डॉलर जास्त जातील, ते रोज उडणाऱ्या कंपनीचे.

बाबांना पटलं नाही. "अडीचला निघायला काय होतंय? मी तीस वर्षं पहाटेची ड्युटी केली."

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्लॅक फ्रायडे. 'माणशी ४९ पासून' अशा चार ईमेल आल्या. त्यातल्या तिघींमध्ये आमच्या तारखा बसत नाहीत, चौथीत परतीचं भाडं दीडशे. वेळ गेला.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आजची नोंद महत्त्वाची.

नुवार्कहून थेट विमान, ६ फेब्रुवारी सकाळी ९.१०, परत १० तारखेला दुपारी. पाच जण घालून शोधलं: माणशी २३८, एकूण १,१९०. बॅग आणि गाडी धरली की मर्यादा ओलांडली. सहज म्हणून एकाच माणसाचं बघितलं: १७८. दोघांचं: १७८. तिघांचं: १७८. चौघांचं घातलं आणि एकदम २३८.

विमानात खुर्च्या त्याच, पण भाव कप्प्याकप्प्यांत असतात. स्वस्त कप्प्यात तीनच खुर्च्या उरल्या असतील आणि आपण पाच मागितल्या, तर यंत्र तीन स्वस्त आणि दोन महाग असं करत नाही. पाचही जण जिथे एकत्र मावतील त्या वरच्या कप्प्याचा भाव पाचही जणांना लावतं. म्हणून आधी तिघांचं काढायचं, मग दोघांचं. तीन गुणिले १७८ म्हणजे ५३४, दोन गुणिले २३८ म्हणजे ४७६, मिळून १,०१०. नुसतं दोनदा बटण दाबायचे १८० डॉलर.

हे बाबांना सांगायला गेलो. बाबा सातारा डेपोत वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या जगात सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याला इतके रुपये, विषय संपला. "एकाच गाडीत, एकाच बाकावर, एकाला १७८ आणि दुसऱ्याला २३८? आमच्या कंडक्टरने असं केलं असतं तर घरी बसवला असता." मग कागद घेऊन स्वतःच हिशेब केला. नुवार्क ते सान हुआन साधारण २,६०० किलोमीटर, म्हणजे ४३० च्या वर टप्पे. त्या मानाने भाडं फार नाही, असा निकाल दिला. आईने विचारलं, बायकांना अर्धं तिकीट नाही का? मार्चपासून आपल्याकडे एसटीत आहे, त्यामुळे तिला इथे नसणं हा मागासलेपणा वाटला.

दोन वेगळ्या बुकिंगांचा धोका एकच. उड्डाणात काही गोंधळ झाला तर कंपनीच्या लेखी आपण एक कुटुंब नाही, दोन परक्या टोळ्या.

२९ नोव्हेंबर, बुधवार

रात्री ११ ला तिकिटं काढली. आधी आम्ही तिघं, मग आई-बाबा. सगळ्यात खालचा 'बेसिक' दर घेतला नाही. तो माणशी तीस डॉलरने कमी होता, पण त्यात तारीख-वेळ बदलता येत नाही आणि वरच्या कप्प्यातली बॅगही नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा पिताना बाबांचं तिकीट उघडलं आणि घोट घशातच राहिला. तिकीट माझ्या नावाचं आहे. म्हणजे उद्या विमानात मी दोनदा आणि बाबा शून्य वेळा.

कसं झालं ते कळायला पाच मिनिटं लागली. ब्राउझरने फॉर्म आपोआप भरला: माझं नाव, मधलं नाव, आडनाव. माझं मधलं नाव म्हणजे बाबांचं नाव. रात्री अकराला डोळ्यांनी बाबांचं नाव पाहिलं, आडनाव पाहिलं, बरोबर आहे म्हटलं आणि पैसे भरले. इथल्या लोकांना ही चूक करताच येणार नाही. आपल्या नावांच्या पद्धतीनेच ती शक्य होते.

एका माणसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पण इथे नियम आहे: उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त असताना काढलेलं तिकीट चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, किंवा मग कंपनीने आधी चोवीस तास भाव धरून ठेवायची सोय द्यायची. या कंपनीत रद्द करता येतं. सकाळी ७.४० ला आई-बाबांचं बुकिंग रद्द केलं, पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर वाचत पुन्हा भरलं. आईच्या पासपोर्टवर मधलं नाव बाबांचं, तेही तपासलं. भाव तोवर २३८ चा २२४ झाला होता. दोघांचे ४४८. एकूण ९८२.

चुकीतून २८ डॉलर वाचले. बायको म्हणाली, रोज एक चूक कर.

१७ डिसेंबर, रविवार

धोका म्हणून लिहिलं होतं ते झालं. कंपनीची ईमेल: ९.१० चं विमान आता सकाळी ६.०० ला. पण ईमेल फक्त आमच्या तिघांच्या बुकिंगला आली. आई-बाबा अजून ९.१० वरच दिसत होते, जे विमान आता अस्तित्वातच नव्हतं.

वेळ कंपनीने बदलली असेल तर त्याच दिवसाचं दुसरं विमान फुकट देतात, निदान यांनी दिलं. आमचं तिघांचं वेबसाइटवरच १०.४० ला बदललं. काढताना हेच १०.४० चं माणशी साठ डॉलरने महाग होतं. आई-बाबांसाठी फोन करावा लागला. ५२ मिनिटं तेच एक संगीत. बाबा शेजारी बसून होते, शेवटी ते त्यावर मांडीवर ठेका धरायला लागले. बाईने दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडल्याची नोंद केली आणि आईसाठी व्हीलचेअरही तेव्हाच लिहून घेतली. व्हीलचेअरचे पैसे इथे कुठलीच विमान कंपनी घेऊ शकत नाही, कायदाच आहे.

आईला ते आवडलेलं नाही. "चालती-बोलती बाई मी. लोक काय म्हणतील?" नुवार्कला कोण लोक, हे तिने सांगितलं नाही.

९ जानेवारी २०२४, मंगळवार

ईमेल आली, आपल्याच विमानाचा भाव १९६. आई-बाबांचं बदलून घेतलं तर माणशी २८ परत. पण पैसे नाहीत, त्या-त्या प्रवाशाच्या नावाने वर्षभराची पत. बाबा मार्चअखेर साताऱ्यात असणार. सातारा डेपोत ती पत चालणार नाही. सोडून दिलं, हिशेबात धरलं नाही.

गेल्या शुक्रवारी एका विमानाचा दरवाजाएवढा तुकडा हवेत उडाला, तेव्हापासून आई मराठी बातम्यांवर तेच बघतेय. त्या जातीची विमानं, ७३७ मॅक्स ९, शनिवारपासून जमिनीवर आहेत. आपलं एअरबस आहे, हे तिला बुकिंगवर दाखवलं. तिने अक्षरं लावून वाचलं: ए-अ-र-ब-स. मग रिमोट ठेवला.

२० जानेवारी, शनिवार

कागद. विमान देशांतर्गत असलं तरी आम्ही परदेशी, आणि सान हुआनहून मुख्य भूमीकडे परतताना विमानतळावर इमिग्रेशनचे लोक कागद विचारू शकतात. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा, असा नियम तसाही आहे. चौघांचे पासपोर्ट, त्यांच्या आय-९४ च्या, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीच्या, छापील प्रती, आमच्या दोघांच्या आय-७९७, म्हणजे मुदतवाढीच्या मंजुरीचे कागद. लेक इथेच जन्मलेली, तिला कोणी काही विचारणार नाही, आणि त्याचा तिला थोडा माज आहे.

सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. तो बाबांच्या वीस इंची बॅगेत. आमच्या दरात ती बॅग चालते.

५ फेब्रुवारी, सोमवार

आईची तयारी: तिखटमिठाच्या पुऱ्या चाळीस, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. पुऱ्या-दशम्यांना सुरक्षा तपासणीत काही हरकत नाही. लोणचं त्यांच्या लेखी द्रव, शंभर मिलिलिटरच्या वर हातातल्या बॅगेत नाही. मेतकुटाचं काय? पूड ३५० मिलिलिटरच्या वर असली तर वेगळी काढून तपासतात. पिवळी, हिंगाचा वास येणारी पूड मला तिथे कोणाला समजावून सांगायची नव्हती. लोणचं आणि मेतकूट चेक-इनच्या बॅगेत. एकच बॅग घेतली आहे, जाता-येता ७० डॉलर, आणि तिचं निम्मं पोट खाण्याने भरलंय.

तिकडे काय मिळेल याची आईला काळजी. मी सांगितलं, तिकडे 'गांदुलेस' घालून भात करतात, आणि गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे दाणे. "तूर? तिकडे?" असं दोनदा विचारलं. त्या भातात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, हे उद्या सांगेन.

६ फेब्रुवारी, मंगळवार, रात्री, सान हुआन

एका मित्राने सकाळी साडेसातला विमानतळावर सोडलं. व्हीलचेअरचा मोठा फायदा आधी लक्षातच आला नव्हता: आईबरोबर आम्ही पाचही जण वेगळ्या रांगेतून दहा मिनिटांत आत. आई पहिली दोन मिनिटं मान खाली घालून बसली होती. तिसऱ्या मिनिटाला ढकलणाऱ्या बाईला मुलं किती, विचारायला लागली, मराठीतच. बाईने बोटांनी तीन दाखवली. कसं कळलं ते मला कळलं नाही.

मेतकूट चेक-इनच्या बॅगेत गेलं तरी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आईने पर्समध्ये ठेवला होताच. उघडून पाहिला, वास घेतला, जाऊ दिला.

चार तासांचं विमान. खाली उतरताना डावीकडच्या खिडकीतून किनारा दिसला. चाकं टेकली आणि अख्ख्या विमानाने टाळ्या वाजवल्या. तिकडच्या लोकांची ही रीतच आहे, घरी पोचल्याची. बाबांनीही वाजवल्या, सगळ्यांचं थांबल्यावर थोडा वेळ जास्तच. घड्याळ एक तास पुढे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज किल्ला. भाड्याच्या नोंदीत याचं काही काम नाही, पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते लिहितो.

तिकीट माणशी १० डॉलर, पंधरापर्यंतच्या मुलांना नाही. त्यातच चोवीस तासांत दोन्ही किल्ले होतात, एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल. आत सहा मजले, उतार, पायऱ्या, आणि समुद्राकडची भिंत काही ठिकाणी साडेपाच मीटर जाड. बाबा भिंतीला हात लावून चालत होते, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. स्पॅनिशांनी काम १५३९ ला सुरू केलं. १५९५ ला इंग्रजांचा ड्रेक समुद्राकडून चालून आला, तोफांनी परतवला. तीनच वर्षांनी इंग्रजांचाच अर्ल ऑफ कंबरलँड शहाणपणाने पूर्वेला उतरला, जमिनीकडून आला आणि किल्ला घेतला. टिकला मात्र नाही. हगवणीने माणसं मरायला लागली आणि शहर सोडून जावं लागलं. १६२५ ला डच आले, शहर जाळून गेले. त्यानंतर जमिनीची बाजू राखायला सान क्रिस्तोबाल उभा राहिला, स्पॅनिशांनी अमेरिका खंडांत बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला.

बाबांना हे ऐकून काही नवल वाटलं नाही. "विजयदुर्गाचं १७५६ ला तेच. समुद्रातून इंग्रजांच्या वॉटसनची जहाजं, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य. आपल्याच माणसांनी पाठ दिली म्हणून पडला." हे ते एका अमेरिकन जोडप्याला सांगायला निघाले होते. मी वेळेत पोचलो.

आई आत आलीच नाही. किल्ल्यापुढे मोठं हिरवं मैदान आहे, पूर्वेचा वारा तिथे अखंड असतो, आणि निम्मं गाव पतंग उडवायला आलेलं असतं. पतंगाला इथे 'चिरिंगा' म्हणतात. लेकीने सहा डॉलरचा निळा चिरिंगा घेतला. संक्रांतीला एडिसनमध्ये उणे तापमानात तिळगूळ वाटून झालं होतं, पतंग राहिला होता. दोन तासांनी आम्ही बाहेर आलो तर आईने चपला काढून ठेवल्या होत्या आणि दोरा तिच्या हातात होता. लेक नुसतं "आजी, ढील दे, ढील दे" करत होती.

जुन्या शहराचे रस्ते निळसर विटांचे आहेत, लोखंडाच्या भट्टीच्या मळीतून ओतलेल्या. ओल्या झाल्या की घसरतात. गुडघा असणाऱ्यांनी काठी न्यावी.

१० फेब्रुवारी, शनिवार

परत. सान हुआनला बॅगा काउंटरवर द्यायच्या आधीच शेतीखात्याचं यंत्र असतं, मुख्य भूमीकडे जाणारं प्रत्येक सामान त्यातून जातं. आंबा, सीताफळाच्या जातीतलं ते काटेरी मोठं फळ, मातीसकट कुंडीतलं रोप, काहीही चालत नाही. माश्या-किडी पलीकडे जाऊ नयेत म्हणून. आईला राहत्या घराच्या अंगणातली दुहेरी जास्वंद मुळासकट हवी होती. घरमालकीण द्यायलाही तयार होती. काल रात्री त्यावरून आमचं थोडं वाजलं.

जास्वंदीऐवजी तिने दुकानातून वाळलेल्या गांदुलेसची पिशवी घेतली. सातारकर बाई कॅरिबियनमधून न्यू जर्सीला तूर घेऊन चालली आहे. यंत्राला तिच्यात काही वावगं दिसलं नाही, बॅगेला हिरवी पट्टी लागली.

इमिग्रेशनवाल्यांनी आज कोणाला काही विचारलं नाही. बाबांनी फोल्डर हातातच धरून ठेवला होता. गेट आलं तरी कोणी विचारेना, तेव्हा जरा हिरमुसले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

हिशेब. तिकिटं ९८२. बॅग ७०. येताना टॅक्सी ४६. व्हीलचेअर ढकलणाऱ्यांना चार ठिकाणी पाच-पाच, २०. एकूण १,११८.

बाबांनी कागद तपासला आणि सोडणाऱ्या मित्राला दिलेली २२ डॉलरची काजूकतली कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं ती भेट होती. "तो टॅक्सी होता म्हणून दिली ना? मग प्रवासखर्च." लिहिली. १,१४०. मर्यादेच्या आत, साठने.

तुरीचं वरण काल झालं. शिजायला आपल्या डाळीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण ती डाळ नाहीच, अख्खे दाणे. चव आईच्या मते "आहे तूरच, पण परकी".

पतंग कुठल्याच बॅगेत बसला नव्हता. अठरा बाय चौदा बाय आठच्या कुठल्याच हिशेबात तो बसत नाही. लेकीने तो सान हुआनपासून हातात धरून आणला, गेटवर माणसाने पाहिलं, "चिरिंगा!" म्हणाला आणि सोडलं. सध्या कोटांच्या कपाटामागे उभा आहे. उद्या बर्फाचा अंदाज आहे.